ब्रिजमधल्या बोलीचा अर्थ विचारल्यावरच सांगायचा का?

भुसावळकर
रविवारी जळगावात जोड्यांच्या स्पर्धेत उजवीकडच्याने २ चौकट ही पहिली बोली लावली. त्याच्या जोडीदाराने अलर्ट कार्ड (बोलीला खास ठरलेला अर्थ आहे, अशी समोरच्यांना खूण) काढलं नाही, म्हणून मी ती साधी चौकटची बोली धरली. माझ्याकडे इस्पिकचा एक्का, राणी, दश्शी, सत्ती, चव्वी. २ इस्पिक बोललो, तिघांचे पास. मग कळलं, ती मल्टी होती: बदाम किंवा इस्पिकची सहा पानं, आणि एकूण पानं कमजोर. सहा इस्पिक उजवीकडेच! आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे हरल्यास दंड जास्त), तीन हात कमी पडले, ३०० गेले. विचारलं तर म्हणे, "हे सगळ्यांना माहीत असतं." मला हे अजिबात पटत नाही. बोलीचा अर्थ दोघांतच ठेवायचा नाही, यावर तर हा खेळ उभा आहे.

धुळ्याचे आप्पा
भो, ३०० गेले याचं वाईट वाटलं. पण विचारायला तुला कुणी अडवलं होतं? चाळीस वर्षं खेळतोय, २ चौकट आली की मी विचारतोच. आणि दर बोलीला कार्ड काढलं की विसरलेल्या जोडीदारालाच आठवतं, 'अरे, ही तर मल्टी!' हे बरोबर आहे का?

गिरणाकाठ
नाही आप्पा, आणि नियमही तेच सांगतो: जोडीदाराच्या अलर्टवरून जे कळलं ते वापरायचं नाही. पण विचारण्यात खरी गोम आहे. मी थांबून विचारलं आणि पास दिला, की माझ्या जोडीदाराला कळतं, याच्याकडे काहीतरी आहे. म्हणून कार्ड काढायची जबाबदारी त्यांची. २०१७ च्या डुप्लिकेट, म्हणजे स्पर्धेतल्या ब्रिजच्या, नियमांत तर केलेल्या बोलीसोबत न केलेल्या पर्यायी बोलीचाही अर्थ विचारता येतो.

धुळ्याचे आप्पा
मग हातातली पानं सांगायचीच काय ती राहिली.

गिरणाकाठ
पानं नाही, दोघांत काय ठरलंय ते. बोलणाऱ्याने सहाऐवजी पाच पानांवर बोली लावली तरी चालतं, फक्त त्याचा जोडीदारही समोरच्यांइतकाच अंधारात हवा. काही ठरलंच नसेल तर 'ठरलेलं नाही' म्हणायचं, अंदाज सांगत बसायचं नाही.

चोपड्याची ताई
माझ्या जोडीदाराने माझ्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला. शेवटची बोली आमची, म्हणजे खेळ आमचा होता, मी गप्प बसले. नंतर कळलं, आपला खेळ असेल तर पहिलं पान पडायच्या आधी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलवून चूक दुरुस्त करायची. समोरच्यांचा असेल तर डाव संपल्यावर. समोरच्यांचं नुकसान झालं, आठवडाभर चैन पडली नाही. नव्या माणसाला हे आधी कुणी सांगतच नाही हो.

धुळ्याचे आप्पा
ताईंचं पटलं, शिकवायलाच हवं. पण चार ओळखीची माणसं बसली की कार्डांचा सोस नको, यावर मी ठाम आहे.

भुसावळकर
घरच्या डावात तुम्ही म्हणाल तसं, आप्पा. पण स्पर्धेत पारोळ्याहून पहिल्यांदा आलेली जोडीही बसते, ती 'सगळ्यांना माहीत' मध्ये कुठे येते? मीही डायरेक्टरला तिथल्या तिथे बोलवायला हवं होतं. चुकीच्या माहितीने नुकसान झालं तर गुण बदलून मिळू शकतात. येत्या रविवारी आमच्या बोलींचा तक्ता मराठीत लिहून आणतोय, दोन प्रती. एक ताईंना देईन.