घर विकायला काढण्याआधी काय तयारी केलीत? सातारा-सांगलीकरांनी अनुभव लिहा

सांगलीत विश्रामबागला आमचं बैठं घर आहे, वडिलांनी बांधलेलं. वडील गेले, आई आता आमच्याकडे पुण्यात असते. दिवाळीच्या सुमारास घर विकायला काढायचं ठरतंय. एजंट म्हणतो, "नुसता रंग मारून घ्या, पुढचं मी बघतो." मला ते पटत नाही. ज्या घरात आपण लहानाचे मोठे झालो, तिथलं काय खटकतं ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून हा धागा. घर विकलेल्यांनी लिहाच, पण घर शोधत फिरलेल्यांनीही लिहा. खर्च कशावर करावा, कशावर करू नये? कुठलं घर बघून तुम्ही दारातूनच मागे फिरलात?

गावभाग, सांगली

विश्रामबागला असलात तरी पहिला प्रश्न ठरलेला: "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" त्यामागोमाग २००५ आणि २०२१. उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकच द्यावं, आणि खरं द्यावं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही पुराची धोक्याची पातळी, हे इथं शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. गिऱ्हाईक थेट विचारतं, "किती फुटाला तुमच्या दारात पाणी येतं?"

आमच्या जिन्याच्या भिंतीवर महापुराच्या पाण्याची रेघ भावानं ऑइलपेंटनं ओढून ठेवली होती, शेजारी तारीख. रंगारी म्हणाला, पुट्टीत झाकून टाकतो. मी झाकू दिली नाही. बघायला येणाऱ्यांना आधी ती रेघ दाखवायचो, मग पुरानंतर काय काय बदललं ते: मीटर आणि मोटरचा स्टार्टर रेघेच्या वर घेतलेला, स्विचबोर्ड वर, ओट्याखाली प्लायवूडच्या ट्रॉल्यांऐवजी कडप्प्याची मांडणी. काही जण रेघ बघूनच गेले, ते जाणारच होते. ज्यांनी घेतलं ते आमच्याच पेठेतले, त्यांच्या घरातही पाणी शिरलेलं. त्यांना रेघेपेक्षा वर घेतलेलं वायरिंग महत्त्वाचं वाटलं. लपवलं असतं तर शेजाऱ्यांनी चहा पिता पिता सांगितलंच असतं, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

शाहूपुरी, सातारा

आमच्याकडे पूर नाही, पाऊस आहे. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे. अशा भिंतीवर पुट्टी-रंग म्हणजे पैसे पाण्यात. आधी ओल कुठून येते ते शोधा. साधी युक्ती सांगते: पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूनं पाणी धरलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूनं धरलं तर हवा खेळत नाही, खिडकी उघडी ठेवून भागेल.

आमच्या भिंतीत गच्चीच्या पाइपाचं पाणी मुरत होतं. पाइप बदलला, भुसभुशीत झालेलं प्लास्टर विटेपर्यंत काढलं आणि वीट कोरडी होऊ दिली. त्यानंतरच वॉटरप्रूफिंगचं द्रव्य घालून नवं प्लास्टर केलं. गवंडी घाई करत होता, "ताई, वरून वाळलंय की." मी ऐकलं नाही. रंग सगळ्यात शेवटी, फिका, सगळ्या खोल्यांना एकच. घर बघायला आलेले काका त्या भिंतीवर तळहात टेकवून बराच वेळ उभे होते. जुन्या पाइपाचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे पुढच्या खोलीत गेले.

मिरज

मी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. बंद घरं बघताना सगळ्यात जास्त काय नकोसं वाटलं असेल तर वास. महिनोन्‌महिने घर बंद असलं की न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट घरात येतो. घरमालकाला वाटतं, पाइपलाइन गेली. अहो, प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, संडासात फ्लश करा, निम्मा वास तिथंच संपतो. तुम्ही पुण्यात असाल तर शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन आठवड्याला एवढं करून घ्या.

दुसरं म्हणजे सामान. माळ्यावर पितळी पिंपं, पलंगाखाली ट्रंका, दाराआड गाद्यांची वळकटी. खोली दहा बाय बाराची असली तरी आठ बाय आठची वाटते. नवं फर्निचर आणू नका, असलेलं निम्मं काढा. आणि नळ चालू ठेवा. घर दाखवताना टाकी रिकामी असली की माणूस समजतो, इथं पाण्याची बोंब आहे.

गोडोली, सातारा

पितृपक्षात घर बघायला सहसा कुणी येत नाही. सुतार, प्लंबर, रंग हे सगळं त्या पंधरवड्यात उरका. दसऱ्यापासून फोन सुरू होतात.

कराड

विषय घर सजवण्याचा आहे, पण माझ्या मते कागद हीच अर्धी सजावट. घर वडिलांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई आणि सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणींसकट, वारस. मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसनोंद आधी करून घ्या. गिऱ्हाईक पसंती सांगून जातं आणि नोंदीपायी ताटकळतं, तेवढ्यात त्याला दुसरं घर मिळतं. जुन्या कर्जाचा बोजा फिटला असला तरी कागदावरून उतरलाय का, तेही बघा. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील सहसा मालकीच्या नोंदींचा मागच्या ३० वर्षांचा शोध घेतो. मागं पत्र्याची खोली वाढवली असेल आणि ती मंजूर नकाशात नसेल, तर तिची किंमत बँक धरेल असं समजू नका.

खरेदीखत, मंजूर नकाशा, मालमत्ता पत्रक, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल असं सगळं एका फायलीत लावून ठेवा. झेरॉक्स हातात द्या, मूळ कागद नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॅपचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं. वारसनोंदीचं काम आधी घेते. अजून एक विचारते: दारात नारळ आहे, त्याच्या झावळ्या पार खिडकीवर आल्यात. एजंट तोडायला सांगतोय. तोडावा का?

गावभाग, सांगली

तोडू नका. शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, आणि दारातला नारळ बघून खूश होणारी माणसं इथं पुष्कळ आहेत. पाडेकरी बोलवा, वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या, खिडकीत उजेड येईल. येणाऱ्याच्या डोक्यात नारळ पडायची भीतीही राहणार नाही.