आमवाताच्या इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी कशासाठी?

वैशाली:
आईला (वय 58) चार वर्षांपासून आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) आहे. अँटी-सीसीपी (या आजाराची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. सकाळी तास-दीड तास तिची मूठ वळत नाही. मागच्या पावसाळ्यात भाकरी थापणं सोडलं, त्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध घेते, तरी मनगटांची सूज हटत नाही. आता डॉक्टर टीएनएफ (शरीरातला सूज वाढवणारा पदार्थ) रोखणारं इंजेक्शन सुरू करणार आहेत, पण त्याआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी सांगितली आहे. आई घाबरली आहे. म्हणते, "मला साधा खोकलाही नाही, मग टीबी कुठून आला?" सांध्यांचा आणि टीबीचा संबंध काय? आणि आपल्याच पेशी आपल्याच सांध्यांवर कशा उठतात? ओपीडीत मागे रांग असते, विचारायचं राहूनच जातं.

माधुरीताई:
वैशाली, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि माझ्या सासूबाईंना हाच आजार होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांध्याला आतून एक नाजूक अस्तर असतं, एक-दोन पेशींच्या जाडीचं. आमवातात ते सुजून जाड होतं, कारण तिथे पेशी एकमेकींना चिथावत राहतात. शरीरातल्या काही प्रथिनांमध्ये बारीकसा रासायनिक बदल होतो. त्यांचे तुकडे टी-पेशींपुढे (या आणि बी-पेशी म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आले की त्यांना ते परके वाटतात. टी-पेशींच्या मदतीनं बी-पेशी त्या तुकड्यांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. आईच्या रिपोर्टमधलं अँटी-सीसीपी तेच. ती प्रतिपिंडं मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवतात आणि मॅक्रोफेज टीएनएफ सोडतात. टीएनएफनं अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी जाग्या होतात, आणखी पेशींना बोलावतात, हाड खाणाऱ्या पेशीही तयार करवतात. म्हणून मी एकट्या टी-पेशीला दोष देत नाही. हे चक्र आहे, आणि मधली एक कडी तोडली तरी ते मंदावतं. 1992 साली लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी टीएनएफ रोखून पाहिलं, तेव्हा रुग्णांची सूज खरोखर उतरली.

आता टीबी. आपल्याकडे कितीतरी जणांच्या शरीरात टीबीचे जंतू निपचित पडून असतात. मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कडं करून बसतात आणि ते कडं टिकतं टीएनएफमुळे. तोच रोखला तर कडं ढिलं पडून जंतू बाहेर पडू शकतात. आईंना टीबी आहे असं कुणी म्हणत नाहीये. जंतू लपलेले निघाले तर साधारणपणे आधी त्यांचं औषध देतात आणि मग इंजेक्शन. तपासणी अजिबात टाळू नका.

सुनंदा:
मला 11 वर्षं झाली. माझं हिमोग्लोबिन 9 च्या वर जात नव्हतं, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळले होते. मग डॉक्टरांनी समजावलं की याच पेशी आयएल-6 नावाचा सूज वाढवणारा आणखी एक पदार्थ सोडतात, त्यामुळे यकृत हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक जास्त बनवतं आणि लोह रक्तात येण्याऐवजी साठ्यातच अडकतं. सूज आटोक्यात आली तसं हिमोग्लोबिनही वर आलं. आईंचं बघून घ्या.

वैशाली:
माधुरीताई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, आजोबांना टीबी झाला होता तेव्हा दोन वर्षं त्यांचं सगळं तीच करत होती. हे आम्ही डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही.

माधुरीताई:
उद्याच फोन करून सांगा. रिपोर्ट यायची वाट बघू नका.