पाळी गेल्यानंतरची गाठ

पाळी कायमची गेल्यावर अंडाशयात गाठ निघाली, की "पाळी गेली, आता अंडाशय हवंय कशाला, काढूनच टाका" असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. माझ्या आईची गाठ ३.८ सेंटिमीटरची, एकाच बाजूला, नुसत्या पाण्याची. सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय तपासायची रक्तचाचणी) फक्त १४. म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टमधल्या 'साधी' या शब्दाभोवती पेनाने गोल केला आणि चार महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावलं. वर्षभर गाठ तेवढीच राहिली, मग तपासण्या थांबवल्या.

पण रिपोर्टमध्ये नुसता आकार बघू नका. आत पडदे, घट्ट भाग, दोन्हीकडे गाठी, पोटात पाणी असं काही आहे का ते विचारा. या खुणांचे गुण, पाळी गेल्याचे ३ आणि सीए-१२५ यांचा गुणाकार २०० च्या वर गेला, तर वाट बघत बसू नका, ऑपरेशनआधी बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, कर्करोगतज्ज्ञांना दाखवाच.