‘डेप्रिकेटेड’ला ‘कालबाह्य’ म्हणावे का?

अर्धविराम
एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मदत-पृष्ठांचे मराठी भाषांतर करताना मी ‘डेप्रिकेटेड’ या शब्दापाशी अडलो आहे. आधीच्या भाषांतरकारांनी सर्वत्र ‘कालबाह्य’ असे लिहिले आहे आणि मला ते पटत नाही. एखादी मेथड, म्हणजे प्रोग्राममधला ठरावीक काम करणारा तुकडा, डेप्रिकेटेड ठरते तेव्हा ती बंद पडलेली नसते. ती पूर्वीसारखीच चालते. नव्या कामात ती घेऊ नका, तिच्याऐवजी अमुक वापरा, एवढेच तिचे कर्ते सांगतात. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत वर्ष, महिना आणि दिवस देऊन तारीख तयार करण्याची मूळ सोय १९९७ साली, १.१ या आवृत्तीत डेप्रिकेटेड झाली, आणि ती आजही चालते. पाव शतकाहून अधिक काळ जी चालते आहे तिला काळाबाहेरची कसे म्हणावे?

याहून मोठा आक्षेप असा की ‘कालबाह्य’ म्हटल्यावर कर्ता दिसेनासा होतो. काळाने ती वस्तू आपोआप बाहेर टाकली असे वाटते. प्रत्यक्षात काही माणसांनी विचार करून, कारणे देऊन तसे ठरवलेले असते. पन्नाशी ओलांडलेल्या प्रोग्रामरला हा भेद अधिक जाणवतो, कारण हाच शब्द त्याच्याही वाट्याला येतो. पूर्वीच्या एका नोकरीत, एका जुन्या प्रणालीविषयी ‘ती कालबाह्य आहे आणि ती सांभाळणारेही’ असे उद्गार मी बैठकीत ऐकले आहेत. त्या महिन्याचे सगळ्यांचे पगार त्याच प्रणालीने काढले होते. मराठीत नेमका शब्द कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

नवशिका
माझे मत असे की ‘डेप्रिकेटेड’च ठेवावे. बंगळुरूच्या आमच्या चमूत आम्ही तिघे मराठी आहोत आणि आपसांत बोलताना दुसरा शब्द कोणाच्याही तोंडी येत नाही. शिवाय प्रोग्राम चालवताना पडद्यावर जी सूचना उमटते ती इंग्रजीतच असते. मदत-पृष्ठावर निराळा शब्द दिसला तर दोन्ही एकच आहेत हे शिकणाऱ्याला कळणार नाही. भाषांतराने वाचकाचे काम वाढू नये.

धातुसाधित
हाच युक्तिवाद प्रत्येक शब्दाला लावला तर मराठीत क्रियापदांखेरीज काही उरणार नाही. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार झाला, तेव्हाही फारसी शब्द सर्वांच्या तोंडी होतेच. सावरकरांचा ‘महापौर’ आज कोणाला परका वाटत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रार्थना करून टाळणे’ असा आहे, आणि त्यातील ‘प्रार्थना करणे’ हा धातू आपल्या ‘पृच्छा’चा सख्खा नातेवाईक आहे. म्हणजे त्यात हकालपट्टी नाही, विनवणी आहे. मी ‘निवर्तमान’ सुचवतो. हिंदीत तो पद सोडणाऱ्या, पण अजून पदावर असलेल्या व्यक्तीसाठी रूढ आहे.

ठाणेकर
‘निवर्तमान’ कृपया नको. मराठीत माणूस ‘निवर्तला’ म्हणजे वारला. जिवंत मेथडवर ती पाटी लावणे अर्धविराम यांना खटकलेल्या ‘कालबाह्य’हूनही वाईट होईल.

मी बँकेत रोखपाल होतो, म्हणून नाण्यांचे उदाहरण देतो. २५ पैसे आणि त्याहून कमी किमतीची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून दुकानदार ती घेईनासे झाले होते, कायद्याने ती पूर्ण वैध असतानाही. तेव्हा कर्ते ठरवतात आणि वापरणारे ऐकतात, हे अर्धविराम यांचे गृहीतक मला अर्धेच खरे वाटते. पुष्कळदा लोक आधी सोडतात आणि कागद मागाहून निघतो. ‘बाद’ हा लहान, सर्वांना कळणारा शब्द आहे. डेप्रिकेटेडला ‘बाद होऊ घातलेले’ म्हणावे. ‘मोडीत काढलेले’ हाही पर्याय आहे.

धातुसाधित
‘बाद’ मुळात अरबी आहे, हे नोंदवून ठेवतो. ‘मोडीत’ मात्र अस्सल मराठी आहे. मोडलेल्या भांड्यांची ती मोड, आणि नोट मोडून मिळणारे सुटे पैसे तीही मोड. अक्षरे मोडून लिहिली जाते म्हणून मोडी लिपी, हे मला हेमाडपंतांनी ती लंकेहून आणल्याच्या कथेपेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय वाटते.

सह्यकडा
मोडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तीच या शब्दाचे उत्तम उदाहरण आहे. १९५०च्या सुमारास ती सरकारी व्यवहारातून आणि शाळांतून गेली, तरी जमिनीचे जुने दस्त वाचायला मोडी जाणणारा आजही शोधावा लागतो. २०१४ साली युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक यादीच्या, ७.० या आवृत्तीत तिला जागा मिळाली, आणि युनिकोडमध्ये एकदा दिलेले अक्षर पुढे डेप्रिकेटेड ठरू शकते, पण काढले कधीच जात नाही. जुन्या जाणकारांची गरज प्रोग्रामिंगलाही पडते. कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा १९५९ साली आकाराला येऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन करावे लागले. मुंबईतील सीप्झ या उद्योगवसाहतीत २००० सालच्या तारखांच्या दुरुस्तीवर राबलेल्या आमच्या पिढीला त्याचे नवल वाटले नाही.

शब्द म्हणाल तर मराठीत तो तयार आहे: ‘मावळते’. साहित्य संमेलनाचे मावळते अध्यक्ष पदावर असतात, त्यांचा मान कमी झालेला नसतो, आणि त्यांचा उत्तराधिकारी सर्वांना ठाऊक असतो. डेप्रिकेटेडचे तिन्ही अर्थ त्यात आले.

नवशिका
शब्द सुंदर आहे. पण अध्यक्ष ठरल्या दिवशी पद सोडतात, आणि जावातील ती तारखेची सोय अजून मावळलेली नाही. म्हणूनच जावाच्या ९ व्या आवृत्तीपासून ‘पुढे काढून टाकणार’ अशी वेगळी खूण देण्याची तरतूद झाली. ‘मावळते’ त्या खुणेला शोभेल. नुसत्या डेप्रिकेटेडला नाही.

अर्धविराम
नवशिका यांचा भेद अचूक आहे आणि तो भाषांतरात राखलाच पाहिजे. साध्या डेप्रिकेटेडसाठी ‘अशिफारसित’ असा शब्द मनात येतो, परंतु तो उच्चारताना माझीच जीभ अडखळते.

ठाणेकरांना उत्तर द्यायचे तर, वापरणारेही सोडतात हे खरे. परंतु आमच्या क्षेत्रात ते सोडणे वयावरून होते, गुणावरून नव्हे. युनिक्स ही संगणक-प्रणाली १९६९ची, सी ही प्रोग्रामिंगची भाषा १९७२ची, माहिती तक्त्यांत ठेवणारी डेटाबेसची संबंधात्मक मांडणी १९७०ची. ती कोणी कालबाह्य म्हणत नाही, कारण ती रोज लागते. मधल्या काळात गाजावाजा करून आलेली कित्येक साधने चार-पाच वर्षांत नाहीशी झाली. कोणती गोष्ट टिकेल याचा अंदाज ज्याने अशी अनेक साधने येताना-जाताना पाहिली त्यालाच बरा बांधता येतो, आणि नेमक्या त्याच माणसाला निर्णयाच्या बैठकीला बोलावत नाहीत. म्हणून हा शब्द मला केवळ कोशापुरता वाटत नाही.

धातुसाधित
‘अशिफारसित’मधील ‘शिफारस’ फारसी, आणि तिला संस्कृत ‘अ’ व ‘इत’ दोन्ही बाजूंनी जोडलेले. हे मी मान्य करणार नाही.

ठाणेकर
‘बेकायदेशीर’ आपण रोज लिहितो. त्यात ‘बे’ फारसी, ‘कायदा’ अरबी, ‘शीर’ पुन्हा फारसीच्या वळणाचा. तो चालतो, तर ‘अशिफारसित’ने काय बिघडवले? मोडीविषयी सह्यकडा यांनी मात्र सविस्तर लिहावे. ठाण्यात तिचे वर्ग कोठे चालतात?