स्वभाव-चाचणीत मी आणि नणंद दोघी आयएसएफजे (चार अक्षरांचा एक स्वभावप्रकार), तरी इतक्या वेगळ्या कशा?

सोलापूरची सून:
ऑनलाइन चाचणीत दोघींची चारही अक्षरं तीच आली. पण गड्ड्याच्या जत्रेत ताई पाळण्याच्या रांगेतल्या अनोळखी बायकांशी गप्पा मारतात. मी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं की घरी. घरात कुणी आजारी पडलं तर मात्र दोघी जागतो. त्या बोलून धीर देतात, मी न बोलता पेज करून ठेवते. मग हा प्रकार आमच्याबद्दल नक्की काय सांगतो?

नवी पेठ:
अक्षरं सोडा, टक्के बघा. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ मध्ये स्वभावाचे प्रकार मांडले, त्यावरून मायर्स आणि ब्रिग्ज या मायलेकींनी १६ खाने केले. खाना म्हटला की मधोमध रेघ आलीच. अंतर्मुखतेकडे जेमतेम झुकलेली आणि पार टोकाची, दोघींना तेच 'आय' (अंतर्मुख) मिळतं. खरं तर बहुतेक माणसं मधल्या भागातच असतात. म्हणून संशोधक स्वभावाच्या पाच गुणांची मोजपट्टी (बिग फाइव्ह) जास्त वापरतात, तिथे खानेच नाहीत.

अक्कलकोट रोड:
शिवाय वय, घर, काम अक्षरांत येत नाही. मी घरी तेलुगूत भांडभांड भांडते, ऑफिसात मराठीत गप्प. चाचणी यातल्या कुठल्या 'मी'ला विचारते?

सोलापूरची सून:
टक्के पाहिले. ताईंची अंतर्मुखता निम्म्याच्या जराशी वर, माझी नव्वदीत! काळजी घेण्याच्या बाजूला मात्र आकडे जवळपास सारखे. पेजेचं कोडं सुटलं. आता दिरांना बसवते चाचणीला.