मदत हवी आहे: गावात रात्रीची गस्त सुरू केली, पण ती हाताबाहेर जातेय (निफाड तालुका)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. निम्मी घरं गावठाणात, बाकीचे सगळे मळ्यात वस्ती करून राहतात. एका वस्तीवरून दुसरीवर जायचं तर मध्ये द्राक्षबाग नाहीतर ऊस. पोलीस ठाणं १४ किलोमीटरवर. पोलीस पाटलांचं पद रिकामं आहे, शेजारच्या गावचे पाटील जादा भार सांभाळतात.

पावसाळा सरला आणि नदीवरच्या मोटारींच्या केबल जायला लागल्या. आमची गेली त्या दिवशी वडील सकाळी पाणी द्यायला गेले तर मोटार उचलेना. नदीत उतरून पाहिलं तर पाइपाला बांधलेल्या सुतळ्या जागच्या जागी, केबल तेवढी नाही. थोडं पुढं करंजाच्या झाडाखाली राखेचा काळा गोल होता, जळक्या रबराचा वास येत होता. तांबं काढायला तिथंच जाळली होती. राखेत बोटभर तार राहून गेली होती, ती मी घरी आणून ठेवलीय. तीनशे फूट केबल, जवळजवळ तीस हजारांचा फटका, तोही ऐन छाटणीच्या दिवसांत. ठाण्यात गेलो तर अर्ज घेतला आणि "बघतो" म्हणाले. गुन्हा नोंदवला नाही. आमच्यासारखे आणखी सहा जण आहेत.

मग आम्ही २२ पोरांनी गस्त सुरू केली. रात्री अकरा ते चार, मोटारसायकली, बॅटऱ्या, काठ्या आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. पहिले पंधरा दिवस चोरी झाली नाही, गावानं पाठ थोपटली.

सोळाव्या रात्री दीडच्या सुमाराला कॅनॉलच्या भरावावर दोन माणसं दिसली. एकाच्या डोक्यावर गोणी. हटकलं तर घाबरून पळायला लागली. मी ग्रुपवर टाकलं, "चोर सापडले, कॅनॉलवर या." दहा मिनिटांत साठ-सत्तर माणूस जमा झालं. कोण काय विचारतोय, कोण काय सांगतोय, काही कळेना. कुणीतरी काठी चालवली, ती एकाच्या कानावर बसली. माझे वडील मध्ये जाऊन उभे राहिले म्हणून पुढचं टळलं. गोणी सोडली तर आत नागलीचं (नाचणीचं) पीठ, दोन गोधड्या, तवा आणि लहान मुलाचं स्वेटर. पेठ तालुक्याकडची माणसं. छाटणीच्या कामाला आली होती, पिंपळगावला उतरायला उशीर झाला, पुढं गाडी मिळाली नाही म्हणून चालत मळा गाठत होती.

सकाळी मजुरांच्या मुकादमाला घेऊन मी माफी मागायला गेलो. कानाला फडकं बांधलेला तो माणूस एवढंच म्हणाला, "आम्ही दरवर्षी येतो, भाऊ. याच रस्त्यानं येतो."

तेव्हापासून मला झोप नाही. तो मेसेज माझा होता. राईनपाडा आपल्यापासून फार लांब नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या त्या गावात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठार मारली. तिथंही सुरुवात संशयानंच झाली होती.

गस्त बंद करावी तर केबल जातात, चालू ठेवावी तर ही भीती. काही पोरं म्हणतात, "एवढं काय झालं?" वाद वाढलाय. गस्तीला कायद्यात काही जागा आहे का? संशयित दिसला तर आम्ही नेमकं काय करायचं? आणि आमच्या अर्जांचा गुन्हा कसा होईल? ज्यांच्या गावात हे नीट चालतं त्यांनी सविस्तर लिहा.

प्रतिसाद: सिन्नरकर (पूर्वी पोलीस पाटील)

दादा, मेसेज माझा होता हे तुम्ही लिहिलंत, तिथूनच सांगतो. आमच्या गावात पहिला नियम हाच केला होता की ग्रुपवर "चोर" हा शब्द लिहायचा नाही. "कॅनॉलवर दोन अनोळखी माणसं, दोघं जण विचारपूस करतायत, बाकीच्यांनी जागेवर थांबा." एवढंच. गर्दी बोलावणारा मेसेज गेला की पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही.

कायद्यात जागा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ६३ ब. त्याखाली पोलीस अधीक्षक गावासाठी ग्रामसुरक्षा दल उभं करू शकतात. ग्रामसभेचा ठराव करा, पोरांच्या नावांची यादी जोडा आणि ठाण्यामार्फत नाशिक ग्रामीणच्या अधीक्षकांकडे पाठवा. पोचपावती घ्या. ग्रामरक्षक दल हे वेगळं प्रकरण आहे, ते अवैध दारूसाठी दारूबंदी कायद्याखाली होतं. अर्जात नावाची गल्लत करू नका, कागद फिरत राहतो.

पाटलांच्या जागेसाठी प्रांत कार्यालयात लेखी मागणी करा, नेमणूक तिथूनच होते. गावात पाटील नसला की बाहेरून कोण आलं याची खबर ठेवणारं कुणीच उरत नाही. तुमच्या गावात तेच झालंय.

संशयिताबद्दल नीट समजून घ्या. सामान्य माणसाला कुणाला पकडायचा अधिकार आहे, पण तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० पुरता. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर, किंवा माणूस फरारी जाहीर झालेला असेल तर. पकडल्यावर विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. रात्री गोणी घेऊन चालणं हा गुन्हा नाही. पळणं हाही नाही, साठ माणसं पाहून मीही पळेन. नाव-गाव विचारा, कुणाच्या मळ्यावर चालला ते विचारा, त्या मळेकऱ्याला फोन लावा. शंका राहिलीच तर ११२ लावा आणि लांब उभं राहून नजर ठेवा. काठ्या कुत्र्यांसाठी ठेवा. उसाच्या कडेनं पायी फिरू नका, तुमच्याकडं बिबट्या आहे. दिसला तर वनविभागाचा १९२६ लावायचा.

आता गुन्ह्याचं. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल तर ती चोरी नवीन कायद्यात अदखलपात्र धरली जाते, म्हणून किंमत सिद्ध करणं महत्त्वाचं. केबलचं बिल शोधा. नसेल तर दुकानदाराकडून दुय्यम प्रत घ्या. सातही जणांनी बिलं जोडून एकाच दिवशी जा. तरी नोंद झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. सात सुटे अर्ज फायलीत पडून राहतात, पण एकाच नदीच्या एकाच पट्ट्यातल्या सात चोऱ्या एकत्र मांडल्या की तपासाला दिशा मिळते. आणि तांबं कुठंतरी विकलं जातंच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पोलिसांना भंगाराच्या दुकानांची तपासणी करायची विनंती अर्जातच लिहा. स्वतः दुकानावर चढून जाऊ नका.

प्रतिसाद: नागली

मी पेठची. आता शिक्षिका आहे, पण माझे आईवडील पंधरा वर्षं तुमच्याच पट्ट्यात छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), खुडणीला येत होते. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर बागेतल्या खोपीत राहिलेय.

त्या गोणीत नागलीचं पीठ होतं हे वाचून हात थांबला. आई तेच घेऊन निघायची, पहिली उचल हातात येईपर्यंत पुरावं म्हणून.

एक विचारते. तुमच्या २२ पोरांत मळ्यावर राहणारा मजूर एक तरी आहे का? रात्री मोटारीजवळ सगळ्यात जवळ कोण झोपतं? रात्रपाळीची लाइट आली की पाणी कोण धरतं? कुत्रं भुंकलं तर बाबा उठून बॅटरी मारायचे. त्यांना ठाऊक असायचं की नदीकडं कुठली गाडी थांबली, पण त्यांना कधी कुणी विचारलं नाही. चोरी झाली की मात्र आमच्या खोपी आधी उचकल्या जायच्या. मग माणूस गप्प राहायला शिकतो. पाहिलेलंही सांगत नाही.

छाटणीच्या सुरुवातीला मुकादमाकडून टोळ्यांची माहिती घ्या, कोण कुठल्या मळ्यावर आणि कधी येणार. यादी संशयासाठी नको, रात्री उशिरा उतरलेल्या माणसाला मळ्यापर्यंत सोडायला हवी. तुमच्याकडं मोटारसायकली आहेतच.

प्रतिसाद: ओझर_वायरमन

थोडक्यात लिहितो. केबल उघडी ठेवू नका, काठापासून पाण्यापर्यंत जाड पाइपातून घ्या आणि पाइप गाडा. कापायला वेळ लागला की चोर ते ठिकाण टाळतो. मोटारीवर, स्टार्टरच्या पेटीवर नाव आणि गट नंबर कोरून घ्या, माल सापडला तर ओळख पटते.

व्हॉट्सॲपऐवजी ग्राम सुरक्षा यंत्रणा बघा, आपल्या नाशिक जिल्ह्यातून सुरू झालेली आहे. टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप त्याच आवाजात सगळ्या गावाला फोन म्हणून जातो, साध्या मोबाईललाही. नियम मोडून चुकीचा निरोप दिला तर कुणी दिला ते कळतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. नागलीताई, एकही नाही. २२ मध्ये मजूर एकही नाही, आणि हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद काल रात्री वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या माणसाला आधी दवाखान्यात ने, कान दाखव. आज नेऊन आणलं. पडद्याला इजा नाही, वरची जखम आहे, दोन टाके पडले.

सिन्नरकर काका, सातपैकी पाच जणांची बिलं मिळाली. ज्यांनी काठी चालवली त्यांना ग्रुपवरून तूर्त काढलंय, त्यावरून दोन घरांशी बोलणं बंद झालंय. ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय. त्यात मुकादम आणि मळ्यावरचे चार जण दलात घ्यायचे असं टाकलंय. त्यांची नावं मतदार यादीत पेठला आहेत. ग्रामसभेत यावर हरकत येणार हे नक्की. अशा वेळी ठरावात शब्द कसे घालावेत, कुणी केलं असेल तर सांगा.