हायब्रिड गाडीवाल्यांनो, खरं काय ते सांगा (अनुभव धागा)

चोडणची_माय: काल रायबंदरला फेरीबोटीच्या रांगेत उभी होते. पुढच्या गाडीत एसी चालू, काचा वर, पण इंजिनाचा आवाज नाही. इलेक्ट्रिक म्हणावी तर नंबरप्लेट पांढरी. मध्येच इंजिन घुर्र करून दोन मिनिटं चाललं आणि परत गप्प. तेव्हा ट्यूब पेटली, हायब्रिड! पेट्रोल इंजिन आणि बॅटरी, दोन्हीवर चालणारी.

आणि एकदम बाबा आठवले. बेळगावहून परतताना अनमोड घाटाचा उतार लागला की पेट्रोल वाचवायला ते पद्मिनीचं इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडायचे. मागे आम्ही तिघं भावंडं, पुढे आई कुंद्याचा पुडा छातीशी धरून, "अहो, ब्रेक लागतील ना?" टायरांचा आणि रातकिड्यांचा तेवढा आवाज. मोलेपर्यंत आई बोलायची नाही.

आता आमच्या घरात टोयोटाची हायराइडर की मारुतीची ग्रँड विटारा हा वाद पेटलाय, दोन्ही हायब्रिड. कागदावर लिटरला २७.९७ किमी. कागद राहू दे, तुमचं सांगा.

साखळी_पणजी: तीन वर्षं झाली, रोज सत्तरेक किमी. २२-२३ पडतं. पणजीत शिरताना गाड्या सरकत सरकत जातात, सगळे शिव्या घालत असतात आणि माझं इंजिन झोपलेलं. मोकळ्या हायवेला ताणली तर १८. म्हणजे उलटा हिशेब, खोळंबा जितका जास्त तितका फायदा.

उगाच_एक: मग गोव्यात फायदाच फायदा 😂

तारवटी: माझा वेगळाच ताप. सहा महिने बोटीवर, आई गाडी चालवत नाही. परत आलो, बटण दाबलं, ढिम्म. मोठी बॅटरी शाबूत, पण साधी १२ व्होल्टची बसली होती आणि ती नसेल तर गाडी जागीच होत नाही. ढकलून चालू करणं वगैरे विसरा. आता शेजारचा पोरगा आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'ला, म्हणजे चालू करून, ठेवतो. ठेवतो कसला, म्हापशाच्या बाजारात फिरवून आणतो. किलोमीटर दिसतात हो मला.

चोडणची_माय: 😄 सीटला बांगड्याचा वास येत नाही ना?

तारवटी: येतो.

फळ्यावरचा_खडू: भावनेत वाहू नका, वजाबाकी करा. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा अडीच लाख जास्त धरा. माझं महिन्याचं रनिंग ८०० किमी. १३ च्या जागी २२ मिळाले तर २५ लिटर वाचतात, म्हणजे अंदाजे २४०० रुपये. अडीच लाख फिटायला साडेआठ वर्षं. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं! मी साधी घेतली.

साखळी_पणजी: सर, माझ्या रनिंगला चार वर्षांत फिटते. प्रत्येकाचं गणित वेगळं.

फळ्यावरचा_खडू: तेच म्हणतोय. आणि इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के, या १५०० सीसीवाल्यांना ४०. तिथेच अर्धा खेळ संपतो.

माटोळीवाली: डिकी बघून घ्या गं. बॅटरी मागे असते. ग्रँड विटाराची साधीत ३७३ लिटर, हायब्रिडात २६५. चतुर्थीला दोन बॅगा, नारळ, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणि सासूबाईंचा पाट निघाला. पाट माझ्या मांडीवर, फोंड्यापासून काणकोणपर्यंत. नवरा म्हणतो, अ‍ॅव्हरेज बघ किती छान आलंय.

घाटातला: अनमोडचं म्हणाल तर चढताना तीन सिलिंडरचं इंजिन बोंबलतं, त्याची तयारी ठेवा. बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, चढावर किती पुरणार? उतरताना चार वळणांत भरते. गिअर 'बी'ला (उतारावर गाडी रोखायचा) टाकून उतरा. बॅटरी भरली की पाय पेडलवर नसतानाही इंजिन मोठ्यानं फिरायला लागतं. पहिल्यांदा मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती. बिघाड नाही, ते गाडी रोखून धरतंय. तुमच्या बाबांनी सोडलेली, ही धरते.

उगाच_एक: आमच्या वाड्यावरचे कुत्रे या गाड्यांना उठतच नाहीत. आवाजच नाही, उठणार कशाला? शेवटी मीच उतरून हाकलतो.

नवशिका_७७: मला शोरूममध्ये "ही पण हायब्रिडच" म्हणून माइल्ड गळ्यात मारत होते. ती नुसत्या बॅटरीवर एक इंचही हलत नाही. 'स्ट्राँग' आहे का विचारा, आणि तेही कागदावर दाखवायला लावा.

बोरीवाला: चोडणला रो-रो (गाड्या थेट चढतात-उतरतात ती मोठी फेरीबोट) आली ना? तरी रांग?

चोडणची_माय: आली, चांगली आहे. काल मात्र तासभर. शेवची पुडी संपली.

घाटातला: त्या पद्मिनीचं पुढे काय झालं?

चोडणची_माय: पडवीत आहे. मागच्या सीटवर मांजर व्यालंय. आई कोणाला हात लावू देत नाही. गाडीलाही आणि मांजरालाही.